नांदगावचे गणित आणि सूर्याचे स्थान

पेणेस काय किंवा रोह्यास काय, अंगणात उभे राहून काही महिने मंगळाकडे पाहिले, तर तो पूर्वेकडे सरकता सरकता थबकतो, मागे वळतो व पुन्हा पुढे जातो, असे आपल्यास दिसेल. हा ‘वक्री’ ग्रह हेच प्राचीन ज्योतिषाचे मोठे कोडे होते.

ते सोडविणारे एक घराणे आपल्याच जिल्ह्यात, मुरूडजवळच्या नांदगावी होऊन गेले. केशव दैवज्ञांनी स्वतः वेध घेऊन १४९६ मध्ये ‘ग्रहकौतुक’ रचले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे १५२० हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-चापांचा खटाटोप त्यांनी टाळला. ४०१६ दिवसांचे चक्र धरून मोठमोठ्या संख्या आटोक्यात आणल्या. आर्यपक्षाचा शनी आकाशाशी जुळेना, तेव्हा त्यात ५ अंश मिळविण्यास ते कचरले नाहीत.

या गणितात पृथ्वी मध्यभागी आहे. परंतु मंगळ, गुरू व शनी यांचे ‘शीघ्रोच्च’ म्हणजे मध्यम सूर्यच, आणि बुध-शुक्रांचा मध्यम ग्रहही सूर्यच! असे का? कारण आपल्यास दिसणाऱ्या प्रत्येक ग्रहाच्या गतीत पृथ्वीची वार्षिक गती मिसळलेली असते. सूर्य प्रत्येक ग्रहाच्या गणितात बसला होता. त्याला उचलून मध्यभागी ठेवणे तेवढे राहिले होते. ते काम १५४३ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथाने केले. त्यालाही वर्तुळावर वर्तुळे लागलीच. ती १६०९ मध्ये केप्लरच्या लंबवर्तुळाने सुटली.

तेव्हा ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ हा अभिमान खरा नव्हे. आर्यभटाने ४९९ मध्ये सांगितले ते पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे, सूर्याभोवतीचे नव्हे. पण ‘आमच्याकडे काहीच नव्हते’ ही हेटाळणीही तितकीच खोटी.

पुढे शतके लोटली, ‘ग्रहलाघवा’तही अंतर पडू लागले, पंचांगे मात्र त्यावरूनच होत राहिली. अष्टागरातील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय आधाराने ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. त्यावर जुन्या ग्रंथाच्या निष्ठेने वाद माजले. पण ज्या गणेश दैवज्ञांच्या नावाने जुने राखावयाचे, त्यांनी तर आकाश पाहून जुने बदलले होते. त्यांचा ग्रंथ जपणे सोपे; त्यांची नजर जपणे हाच आपला खरा वारसा.