‘लाईन’ ह्या शब्दाची कुळकथा

आपल्या दौंड-शिरूर भागात इंग्रजी न शिकलेल्या बाईच्याही तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा इंग्रजी शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी ‘लाईन’ म्हणेन. रेशनची लाईन, नळाची लाईन, विजेची लाईन, पोलीस लाईन, रेल्वेची लाईन. नदीपासून शेतापर्यंत पाइप टाकला की शेतकरी म्हणतो, “यंदा आमची लाईन झाली.” मुलगा नोकरीला चिकटला की तो लाईनीला लागला. लाईन मारणे म्हणजे काय ते मी येथे लिहीत नाही, सर्वांना ठाऊक आहे. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द कसा पुरतो, ह्याचे मला फार दिवस कुतूहल होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण शेजारच्या बाई शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांनी मोठ्या कोशातून वाचून दाखविले, मी वहीत उतरवून घेतले, आणि त्यात घरचे चार विचार घालून हे लिहीत आहे.

ह्या शब्दाचे मूळ सापडले ते आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात! ज्याची आपण चटणी करतो ते जवस, म्हणजेच अळशी. लॅटिन ह्या जुन्या भाषेत जवसाला ‘लीनुम’ म्हणत. त्या लोकांना बियांच्या तेलाइतकेच त्याच्या ताटांचे मोल होते. अंबाडीचा वाख काढतात तसा ताटे कुजवून त्यांतून वाख काढायचा आणि त्याचे सूत कातायचे. ह्या जवसाच्या दोऱ्याला ‘लीनेआ’ म्हणत, आणि त्याचीच पुढे लाईन झाली. म्हणजे मुळात लाईन म्हणजे दोरा, दोरी. इंग्रज बाई कपडे वाळत घालते ती दोरी अजून लाईनच आहे. गवंडी भिंत रचताना दोरी ताणतो. ताणलेली दोरी सरळ दिसते, म्हणून सरळ रेघेला तेच नाव पडले. मग रेघेसारखी उभी राहिलेली माणसे, कागदावरची अक्षरांची ओळ, तारा, रूळ, सगळे त्यातच आले.

जवसाची बाकीची लेकरेही आपल्या घरात आहेत. लिननचे कापड हे मूळचे जवसाच्या सुताचे. अंगरख्याला आतून लिनन लावीत, म्हणून अस्तराला ‘लायनिंग’ म्हणू लागले. आपण शिवणाऱ्या बाईला ब्लाउजला लायनिंग लाव म्हणून सांगतो, तेव्हा जवसाचेच नाव घेत असतो. आपल्याकडे मात्र जवस मुख्यतः तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात. संस्कृतात जवसाच्या वस्त्राला ‘क्षौम’ असा शब्द आहे, तेव्हा ही विद्या आपल्या देशालाही परकी नव्हती.

पण मला खरी मौज वाटली ती पुढे. आपल्या भाषेनेही हीच वाट धरलेली आहे, आणि तीही कोणाचे न बघता. सूत्र म्हणजे दोरा. सूत्र धरून लाकडावर रेघ मारणारा तो सूत्रधार, त्याचाच आपला सुतार झाला. इंचाच्या आठव्या भागाला सुतार अजून ‘एक सूत’ म्हणतो. नीट वागणाऱ्याला आपण सुतासारखा सरळ म्हणतो. दोघांचे सूत जुळते, आणि हल्लीची मुले त्यासाठी आधी लाईन मारतात, म्हणजे दोरा तोच! आळी हा शब्दही रांग ह्याच अर्थाचा. ओळीने घरे उभी राहिली की आळी झाली. तेव्हा पोलीस लाईन म्हणजे पोलिसांची आळीच म्हणायची.

आता आपल्या दौंडाकडे येऊ. 1859 पर्यंत रेल्वे पुण्याहून दौंडावरून बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत पोचली होती. पुढे 1878 साली दौंड ते मनमाड हा रस्ता झाला आणि दौंडाचे जंक्शन झाले. इंग्रज कागदोपत्री त्याला धोंड लिहीत. त्या रुळांनी दौंडकरांना काम दिले तसे गावाचे दोन भागही केले. कुरकुंभ मोरीतून ये-जा करणाऱ्या बायकांना ‘लाईनीपलीकडे’ म्हणजे किती लांब हे विचारा. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंडात येऊन इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. तेवढ्या वेळात उतारू चहा पिऊन घेत. आता दौंड कॉर्ड लाईन झाल्यामुळे पुष्कळ गाड्या जंक्शनात न शिरता परस्पर निघून जातात. ह्यातला ‘कॉर्ड’ हा भूमितीतला शब्द. आपण शाळेत वर्तुळाची जीवा शिकलो तीच ती. तोही मूळचा दोरीचाच शब्द, आतड्याची तात असा त्याचा अर्थ. आणि आपली जीवा म्हणजे धनुष्याची दोरी! तेव्हा कॉर्ड लाईन म्हणजे दोरीला दोरी.

शिरूरला रेल्वे नाही, पण लाईन तेथे दौंडाच्या आधी आली असावी असे मला वाटते. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावास भीमेकाठी लढाई झाली. छावणीत शिपायांच्या घरांच्या रांगांना लाईन्स म्हणण्याची इंग्रजांची रीत होती. पोलीस लाईन हे नाव त्याच रीतीतून आले.

एक शब्द मात्र ऐकून अंगावर काटा आला. बचतगटात हप्त्याची ‘डेडलाईन’ म्हणून आपण सहज बोलतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात 1864 साली अँडरसनव्हिल येथे कैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती, ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी घालीत. तिचे नाव डेडलाईन, मरणाची रेघ. आपल्या हप्त्याचे त्या मानाने बरे आहे. आणि आता आले ऑनलाईन. अर्ज ऑनलाईन भरायचा असतो आणि तो भरून घ्यायला दुकानापुढे लाईन लावावी लागते!

राहता राहिले लाईनीला लागणे. माझ्या थोरलीने कॉमर्सची लाईन घेतली तेव्हा, “मुलीला कसली लाईन?” असे घरातल्याच वडीलधाऱ्यांनी विचारले होते. गेल्या वर्षी ती नोकरीला लागली, घरी पगार आणू लागली. पेढे घेऊन मी चार घरी गेले. “बरे झाले, आता स्थळ बघा,” असे सगळ्यांनी म्हटले. पलीकडच्या घरी मुलाला नोकरी लागली त्याच आठवड्यात, त्याचेही पेढे आले. तो लाईनीला लागला असे आळीभर झाले. माझी लेक लाईनीला लागली असे अजून कोणी म्हटलेले नाही, म्हणून मीच येथे छापून घेत आहे.