वाकड्या पावलाची सरळ गोष्ट



बाळ जन्मतं आणि त्याचं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली दिसते. मग घरात कुजबुज सुरू होते, "हिने ग्रहणात विळी धरली असणार." डॉक्टर या दुखण्याला क्लबफूट म्हणतात. त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत, कारण तो कळला की आईला बोल लावायची हिंमत कुणी करणार नाही.

साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही तो तितकाच जुना आहे. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस यांच्या परंपरेतल्या ग्रंथात त्यावर उपाय सांगितला होता : पाय लहानपणीच हाताने हळूहळू वळवावा आणि पट्टीने बांधावा. पुढे हा धीर सुटला. जोर लावणारी यंत्रं आली, मग मोठ्या शस्त्रक्रिया आल्या. पाय सरळ दिसायचे, पण मोठेपणी अनेकांचे पाय ताठ आणि दुखरे व्हायचे.

हे ओळखलं डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी. १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर ते जन्मले. तिथल्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले. १९३९ साली देश सोडावा लागला, आणि मेक्सिकोमार्गे १९४१ साली ते अमेरिकेतल्या आयोवा इथे पोचले. तान्ह्या बाळाचे सांधे मऊ असतात, हे त्यांनी हेरलं. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं वळवायचं आणि प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टर झाली की बहुतेक बाळांच्या टाचेमागची आखडलेली शीर एका बारीक छेदाने सैल करायची. मग पट्टीला जोडलेले बूट घालायचे.

१९६३ साली त्यांनी निष्कर्ष छापले, पण फार थोड्या डॉक्टरांनी ते मनावर घेतले. १९९५ साली आयोवातल्या जुन्या रुग्णांना ३० वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा चारातल्या तिघांहून अधिक जणांचे पाय चांगले चालत होते. त्यानंतर आईबापांनीच ही पद्धत एकमेकांना सांगितली आणि ती जगभर गेली. युगांडात तर प्रशिक्षित आरोग्य कर्मचारीही ही प्लास्टर घालतात.

आपल्याकडे २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत क्लबफूट आहे आणि उपचार मोफत आहेत.

या उपचारातला सगळ्यात लांबचा पल्ला घरात पार पडतो. पहिले तीन महिने बूट जवळजवळ दिवसभर घालायचे, नंतर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपताना. बाळ रडतं, सासूबाईंना दया येते, बूट निघतात आणि पाय पुन्हा वळतो. म्हणून त्या आईला टोमणा नको, साथ हवी.

मालिशीने पाय आपोआप सरळ होईल म्हणून थांबू नका. वाडीत असं बाळ जन्मलं, तर पहिल्या काही आठवड्यांतच आशाताईंना सांगा. त्या जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवतील. आणि पहिल्या प्लास्टरच्या दिवशी आपल्या गटातली एक जण त्या आईसोबत जाऊ द्या.