न विझणारी ठिणगी

घरातला दिवा बंद करताना कधी कधी बटणाच्या आत बारीकशी ठिणगी चमकते. दिसते न दिसते तोच विझते. ती का विझते, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या अभियंत्यांना मात्र या प्रश्नानं वर्षानुवर्षं छळलं.

आपल्या घरातला प्रवाह एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा. सेकंदाला शंभर वेळा तो शून्यावर येतो आणि त्या क्षणी ठिणगी आपसूक मालवते. डीसी प्रवाह एकाच दिशेनं वाहतो, शून्याला शिवतच नाही. त्यामुळे संपर्क तोडले तरी तो मधल्या हवेतून ठिणगीच्या रूपानं वाहत राहतो. मुंबईची लोकल १९२५ पासून दीड हजार व्होल्टच्या डीसीवर धावत होती. तिला टप्प्याटप्प्यानं एसीवर आणण्याचं काम २०१६ मध्ये पुरं झालं. डीसी रेल्वेचे सर्किट ब्रेकर ही ठिणगी चुंबकाच्या जोरावर लांब ताणतात आणि थंड करून विझवतात. दीड हजार व्होल्टला ही युक्ती चालते. दोन-तीन लाख व्होल्टला ठिणगी ताणायची तरी किती?

मग एवढ्या दाबाची डीसी हवीच कशाला? त्याचं कारण समुद्र. पाण्याखालची केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर. एसी असेल तर तो क्षणोक्षणी भरायचा आणि रिकामा करायचा. अंतर वाढलं की केबलची सगळी ताकद त्यातच संपते. स्वीडनच्या उनो लाम यांनी पाऱ्याच्या वाफेचा उच्च दाबाचा व्हॉल्व्ह घडवण्यात सुमारे पंचवीस वर्षं घालवली. त्यातूनच १९५४ मध्ये गॉटलँड बेटाला एक लाख व्होल्टच्या केबलनं मुख्य भूमीवरून २० मेगावॅट वीज मिळू लागली.

तिथे केबल बिघडली तर दोन्ही टोकं बंद, एवढाच उपाय होता. पुढे थायरिस्टर आले. आपल्याकडची १९९९ मधली चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची लाइन त्याच जातीची. अशा लाइनवर वीज कोसळली, तर थायरिस्टरच प्रवाह शून्यावर आणतात आणि क्षणभर थांबून लाइन पुन्हा सुरू करतात. वेगळा ब्रेकर लागत नाही.

समुद्रात हे जमेना. थायरिस्टरला दोन्ही टोकांना भक्कम एसी जाळं लागतं. भर समुद्रातल्या पवनचक्क्यांकडे ते कुठून असणार? म्हणून ट्रान्झिस्टरची परिवर्तक केंद्रं आली. १९९९ मध्ये याच गॉटलँडवर, बेटाच्या दक्षिणेकडच्या पवनचक्क्यांसाठी, ५० मेगावॅटचं असं केंद्र उभं राहिलं. जर्मनीनं उत्तर समुद्रात बोरविन-१ ची ४०० मेगावॅटची जोडणी त्याच पद्धतीनं केली.

पण नव्या यंत्रात एक उणीव होती. प्रत्येक ट्रान्झिस्टरशेजारी एक डायोड असतो, म्हणजे एका दिशेनं उघडणारं दार. केबलमध्ये शॉर्ट सर्किट झालं की ट्रान्झिस्टर बंद होतात, पण डायोडच्या दारातून एसी जाळ्यातली वीज बिघाडाकडे धावत राहते. केबलमधला साठाही तिकडेच रिता होतो. प्रवाह काही मिलिसेकंदांत कित्येक पट वाढतो. एसी बाजूचा ब्रेकर उघडायला त्याहून खूप जास्त वेळ घेतो आणि तो उघडला की सगळी जोडणी बंद पडते. एक केंद्र, एक केबल असेल तर हेही चालून जातं. पाच-सहा केंद्रं एकमेकांत गुंफली असतील, तर एका केबलपायी सगळी अंधारात.

शिवाय बिघाड नेमका कुठे, हे कोण सांगणार? बिघाडाची लाट केबलमधून मिलिसेकंदाला दोनशे किलोमीटरच्या आसपास धावते. दुसऱ्या टोकाच्या निरोपाची वाट पाहण्याइतकीही सवड नसते. म्हणून प्रत्येक केबलच्या टोकाशी मोठं वेटोळं बसवतात. बिघाड आपल्याच केबलमध्ये असेल तर दाब कड्यासारखा कोसळतो. पलीकडे असेल तर वेटोळ्यामुळे ती घसरण बोथट होऊन येते. त्या उतारावरून रिले जागच्या जागी निर्णय घेतो. ही युक्ती मला तरी फार आवडते.

राहिला तोडण्याचा प्रश्न. २०१२ मध्ये एबीबी कंपनीनं मिश्र ब्रेकर जाहीर केला. एरवी प्रवाह यांत्रिक संपर्कातून जातो, त्यामुळे वीज फारशी वाया जात नाही. बिघाड दिसताच त्याला ट्रान्झिस्टरच्या शेजारच्या रांगेत ढकलतात, यांत्रिक संपर्क ठिणगीविना उघडतो, मग रांग बंद होते. उरलेली ऊर्जा तडितरोधक गिळतात. हे सारं पाच मिलिसेकंदांत उरकतं.

चीननं झोउशान बेटांवरची पाच केंद्रं २०१४ मध्ये डीसीनं जोडली; मिश्र ब्रेकर तिथे नंतर बसले. २०२० मध्ये झांगबेईचं पाच लाख व्होल्टचं जाळं ब्रेकरसह सुरू झालं, पण ते जमिनीवर, ऐसपैस जागेत. एवढ्या दाबाच्या ब्रेकरला मोठी खोली लागते आणि समुद्रातल्या फलाटावर हातभर जागेचाही हिशेब असतो. उत्तर समुद्रातल्या बहुतेक जोडण्या अजून दोन टोकांच्याच आहेत.