मोटारगाडीचे वंगण तेल
एंजिनातील दट्ट्या, सिलिंडर, भुजादंड व धारवे या घासणाऱ्या भागांत पातळ थर राखून झीज व तापणे कमी करणारे तेल. भाग थंड ठेवणे, काजळी धरून ठेवणे व गंजापासून रक्षण करणे हीही त्याची कामे होत.

पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत वंगणाची जुनी ओळख म्हणजे बैलगाडीच्या आसाला लावायचे एरंडेल. मोटारीच्या आरंभकाळात शर्यतीच्या गाड्यांतही एरंडेल वापरीत. मात्र अती तापल्यावर त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. खनिज तेलांनी त्याची जागा घेतली. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस वाढला, विहिरींवर डीझेल एंजिने आली आणि दाट तेल तेच चांगले, हा समज शेतकऱ्यांत रुजला. मंद गतीच्या, सैल बसणीच्या एंजिनाच्या बाबतीत तो फारसा चुकीचा नव्हता.

कौटुंबिक मोटारीशी या भागाचा संबंध अनपेक्षितपणे निकटचा आहे. इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना व वालचंदनगर वसविणारे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात पुढे फियाट ११०० व तिच्यापासून निघालेली पद्मिनी (एंजिन १,०८९ घ. सेंमी.) तयार झाली. त्या काळी एकश्रेणी तेले प्रचलित होती व हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात ४० क्रमांकाचे तेल घालण्याची रीत होती.

हे क्रमांक अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स’ या संस्थेने १९११ मध्ये सुरू केलेल्या वर्गीकरणातील असून ते श्यानता (दाटपणा) दर्शवितात, दर्जा नव्हे. दर्जासाठी अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचे वेगळे वर्गीकरण आहे. या दोहोंची गल्लत अजूनही होते. १०० से. तापमानास ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ९·३ ते १२·५ सेंटिस्टोक, तर ४० क्रमांकाची १२·५ ते १६·३ असते. बहुश्रेणी तेलात पहिला आकडा व ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंडीतील वर्तन सांगतात : २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ से. ला, तर ५डब्ल्यूची उणे ३० से. ला होते. बारामतीत पारा कधीच इतका उतरत नाही. तरीही पहिला आकडा निरर्थक नाही. सकाळी एंजिन सुरू होताना पातळ तेल धारव्यांपर्यंत लवकर पोहोचते आणि पुष्कळशी झीज त्याच क्षणांत होते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्यानंतरच्या एंजिनांतील फटी अधिकाधिक सूक्ष्म होत गेल्या व तेलमार्ग अरुंद झाले. अशा एंजिनात जुन्या सवयीने दाट तेल घातल्यास इंधन अधिक जळते व तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा चढते. उलट झिजलेल्या पद्मिनीत ०डब्ल्यू–२० घातल्यास दाब उतरून धारवे जळण्याची भीती असते. निर्मात्याच्या पुस्तिकेतील श्रेणी यासाठीच प्रमाण मानावी लागते. १९९५ पासून महानगरांत उत्प्रेरकी परिवर्तक बसविलेल्या मोटारी आल्या. तेलातील फॉस्फरसामुळे हा परिवर्तक निकामी होतो, म्हणून झीजरोधक जस्त-फॉस्फरस संयुगांचे प्रमाण नव्या तेलांत मर्यादित केलेले असते. डीझेल ट्रकचे उरलेले तेल मोटारीत ओतणे म्हणूनही अयोग्य ठरते.

या पर्जन्यछायेतील तालुक्यांत खरा शत्रू थंडी नसून धूळ आहे. कच्च्या रस्त्यांवर, विशेषतः ऊसतोडणीच्या हंगामात, हवेचा गाळक तुंबतो किंवा फाटतो आणि आत शिरलेली बारीक माती तेलात मिसळून घासकाचे काम करते. घर ते बाजार अशा आखूड फेऱ्यांत एंजिन पुरते तापत नाही व पाणी आणि कच्चे इंधन तेलात राहून जाते. पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ या सदराखालील कमी अंतराची मुदत अशाच गाड्यांसाठी असते. मोजपट्टीवर तेल पुरेसे दिसले, तरी मुदत संपताच ते बदलावे लागते.