गाडी आपली, बॅटरी भाड्याची

इकडे ब्रिटनमध्ये प्लंबर, सुतार मंडळी विजेवरची छोटी व्हॅन लीजवर घेतात. तीन-चार वर्षं दरमहा भाडं, ठरल्यापेक्षा जास्त मैल झाले तर वेगळे पैसे, शेवटी गाडी परत. आपल्याकडे म्हणतील, एवढे पैसे भरून गाडी आपली नाहीच? पण खरी गोम बॅटरीत आहे.

१८९७ साली वॉल्टर बर्सीने लंडनमध्ये विजेच्या टॅक्सी उतरवल्या. धक्क्यांनी बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या खिळखिळ्या झाल्या, वजनाने टायर झिजले. १८९९ पर्यंत खेळ आटोपला. टिकल्या त्या दूधवाल्यांच्या गाड्या! ठरलेली वाट, बैलगाडीला लाजवेल असा वेग, फेरी संपली की डेपोत चार्जिंग. बॅटरीची काळजी डेअरीची, दूधवाल्याची नव्हे.

एकट्या कारागिरामागे डेअरी कुठली? २०११ साली आलेल्या रेनॉच्या कांगू झेडई व्हॅनने यावर तोड काढली. व्हॅन विकत, बॅटरी मात्र मासिक भाड्याने. बॅटरी थकली तर कंपनी बघणार. इंजिनियर म्हणून मला हे भारी आवडलं. पण जुनी व्हॅन घेणाऱ्याच्या गळ्यात बॅटरीचं भाडंही पडायचं, तिथे गाडं अडलं. पुढे रेनॉनेही ही पद्धत सोडली.

आता अख्खी व्हॅनच लीजवर घेतली की बॅटरी म्हातारी होण्याचा घोर लीज कंपनीला. चार्जिंगचा मात्र कारागिरालाच. इथल्या रांगेतल्या कितीतरी घरांना गाडी लावायला स्वतःची जागा नाही, आणि फुटपाथवरून वायर टाकायची तर शेजारी अडखळणार.