वशिंडावरील आरोप



कृष्णाकाठच्या बाजारांत बैल घ्यावयास आलेला शेतकरी प्रथम काय करतो? दांत पाहतो, खूर तपासतो, वशिंडावर थाप मारतो आणि जनावर चार पावलें चालवून पाहतो. त्याला हवी असते कष्टाची ताकद, आणि तिची साक्ष जनावर उभ्या उभ्या देतें. ज्या देशांत गुरें मांसासाठीं पाळतात, तेथील पशुपालकाचें कोडें मात्र निराळें होतें. मांस कोमल निघेल कीं चिवट, हें जनावर जिवंत असेपर्यंत कळत नाहीं; आणि कळतें तेव्हां त्याची वीण घेण्याची वेळ टळलेली असते.

हा विषय आपल्यांतील पुष्कळांना रुचणारा नाहीं, हें मी जाणतों. तरीहि तो निवडला, याचें कारण असें कीं या कथेंत आपल्याकडच्या गुरांवर एक आरोप ठेवला गेला. त्या आरोपाची चौकशी शास्त्रानें कशी केली, हें ऐकण्यासारखें आहे.

कथेचा आरंभ इंग्लंडांत होतो. लेस्टरशायरमधील डिश्ली गांवीं रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) या शेतकऱ्यानें निवडक जनावरांची जवळच्या नात्यांत वीण घेऊन लांब शिंगांच्या गुरांची जात सुधारण्याचा उद्योग मांडला. आपल्या उत्तम जनावरांचे सांगाडे आणि खारवलेले मांसाचे तुकडे तो तुलनेसाठीं घरांत जपून ठेवीत असे. त्याच्या मागून आखूड शिंगांच्या शॉर्टहॉर्न जातीची कीर्ति झाली. १८१० सालीं कॉमेट नांवाचा वळू १,००० गिनींना विकला गेला, आणि १८२२ सालीं या जातीची वंशावळीची पहिली वही छापून निघाली. हें सारें डोळा आणि हात यांच्या भरंवशावर चाले. कातडी चिमटींत धरावी, आणि ती मऊ व सैल लागली तर आंतील मांसहि मऊ असणार, असा पारखी लोकांचा समज होता. या निवडीनें जनावरें लवकर भरूं लागलीं आणि चरबीहि वाढली. पण कोमलतेचें बीज कोठें आहे, हें कोणास ठाऊक नव्हतें.

हीं युरोपीय गुरें अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गेलीं, तेव्हां उष्म्यानें आणि गोचिडींनीं हैराण झालीं. टेक्सासचा ताप म्हणून ओळखला जाणारा रोग गोचिडींमुळें पसरतो, हें थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं १८९३ सालीं सिद्ध केलें. अशा मुलखांत टिकाव धरला तो आपल्या वशिंडाच्या गुरांनीं. १८५४ सालीं लुइझियाना प्रांतांतील रिचर्ड बॅरो या मळेवाल्यास ब्रिटिश सरकारकडून दोन भारतीय वळू भेट मिळाले होते. १९०६ सालीं टेक्सासमधील पियर्स यांच्या कुरणाचे व्यवस्थापक बॉर्डेन हे स्वतः हिंदुस्थानांत येऊन गुरें घेऊन गेले. बंदरावरील रोगतपासणींतून सुटून त्यांपैकीं ३३ टेक्सासला पोंचलीं. या व पुढच्या आयातींतील कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपली कृष्णाकांठची जात यांच्या मिश्रणांतून एक नवी जात तयार झाली. १९२४ सालीं तिच्या पालकांनीं संघ स्थापून तिला नांव दिलें ‘ब्राह्मण’! अमेरिकी उच्चारांत त्याचें ‘ब्रॅमन’ झालें. किंग यांच्या विशाल कुरणावर शॉर्टहॉर्नशीं तिचा संकर करून सांता जर्ट्रूडिस जात निपजली, आणि १९४० सालीं सरकारनें तिला मान्यता दिली.

उन्हांत टिकणारें, गोचिडींना न जुमानणारें हें जनावर गोपालकांना वरदान वाटलें. पण जेवणाच्या टेबलावरून कुरकूर ऐकूं आली: वशिंडाच्या गुराचें मांस चिवट!

हा आरोप खरा कीं नुसता ग्रह? जिभेचा वाद जिभेनें मिटत नाहीं. वॉर्नर आणि ब्रॅट्झलर या दोघां अमेरिकी संशोधकांनीं १९२० नंतरच्या काळांत एक साधें यंत्र सिद्ध केलें. शिजविलेल्या मांसाची छोटी गोल कांडी एका पात्यानें कापावयाची आणि त्यास किती जोर लागला तें मोजावयाचें. जोर जितका कमी, तितकें मांस कोमल. पुढें नेब्रास्कांतील क्ले सेंटर येथील सरकारी संशोधनकेंद्रांत १९७० च्या सुमारापासून अनेक जातींच्या वळूंची संतति सारख्या चाऱ्यावर वाढवून तिची तुलना झाली. निकाल स्पष्ट होता: अंगांतील वशिंडाच्या रक्ताचा वांटा जसा वाढे, तसा कापण्याचा जोरहि सरासरीनें वाढे.

आरोप सरासरीपुरता शाबीत झाला. पण कारण काय? त्याचें उत्तर स्नायूंच्या आंतील एका झगड्यांत सांपडलें. जनावर मेल्यावर मांस थंड जागीं कांहीं दिवस ठेवलें म्हणजे तें हळूहळू मऊ होतें. हें काम कॅल्पेन नांवाचें द्रव्य करतें. पेशींतील कॅल्शियमनें तें जागें होतें आणि स्नायुतंतूंना बांधून ठेवणारीं प्रथिनें तोडूं लागतें. त्याच्या जोडीस त्याला आवरणारें दुसरें प्रथिन असतें. त्याचें नांव कॅल्पास्टॅटिन. १९९० सालीं क्ले सेंटरच्या संशोधकांनीं दाखविलें कीं कत्तलीनंतर चोवीस तासांनीं वशिंडाच्या गुरांच्या स्नायूंत या आवरणाऱ्या प्रथिनाचा जोर अधिक असतो. कात्री होती, पण तिची मूठ कोणीतरी धरून ठेवली होती.

आतां जनुकांपर्यंत पोंचणें शक्य झालें. २००२ सालीं, गाईच्या २९ व्या गुणसूत्रावरील कॅल्पेनच्या जनुकांत, एकेका अक्षराचे दोन फरक कोमलतेशीं निगडित असल्याचें प्रसिद्ध झालें. रक्ताच्या थेंबावरून वासराची परीक्षा करतां येईल, अशी आशा उत्पन्न झाली. परंतु ही खूण युरोपीय वंशांच्या गुरांवरून शोधलेली होती. त्यांतील एका ठिकाणचें अनुकूल अक्षर ब्राह्मण गुरांत फारच विरळ, म्हणून तेथें ती परीक्षा निरुपयोगी ठरली. २००५ सालीं त्याच जनुकांतील दुसरी एक खूण मिळाली, ती दोन्ही वंशांना लागू पडली.

याचा अर्थ असा नव्हे कीं एका अक्षरानें सारें ठरतें. कोमलतेंतील एकंदर फरकापैकीं साधारण चतुर्थांशाच्या आसपास भाग आनुवंशिक असतो. बाकीचा भाग वय, चारा, कत्तलीपूर्वींचा धसका, थंडावण्याची गति आणि मांस किती दिवस ठेवलें यांवर अवलंबून असतो. जनुकांचा जो वांटा आहे, तोहि पुष्कळ जनुकांत विभागलेला आहे.

तरीहि बाजार वशिंडाकडे बोट दाखवितो. ऑस्ट्रेलियांतील मांसाच्या प्रतवारींत वशिंडाची उंची मोजून दर्जा ठरविण्यास मदत घेतात. सरासरी म्हणून तें माप खोटें नाहीं. पण सरासरी म्हणजे जनावर नव्हे. ब्राह्मण जातींतच कोमल मांसाचीं गुरें निघतात, तशीं युरोपीय जातींत चिवटहि निघतात. ज्या गोपालकाच्या मुलखांत दुसरें गुरूं जगतच नाहीं, त्याच्या प्रत्येक जनावराची किंमत वशिंड पाहून उतरली, तर त्यानें चांगला वळू निवडण्याचे कष्ट कां घ्यावे?

बेकवेलच्या पारख्यांनीं कातडी पाहून आंतलें ओळखण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांच्या वारसांनीं वशिंड पाहून. दोघांचीहि चूक एकच: जें दिसतें त्यावरून न दिसणाऱ्याचा निवाडा. वशिंडावरील आरोप खोटा ठरला नाहीं. पण शिक्षा साऱ्या जातीला देण्याचें कारण उरलें नाहीं. आपला कृष्णाकांठचा शेतकरी जातीची कीर्ति ऐकतो, पण पैसे मोजण्यापूर्वीं समोरचाच बैल चार पावलें चालवून पाहतो. शास्त्राला हाच धडा शिकावयास दोनशें वर्षें लागलीं.