जहाजाच्या तळाची निगा

वऱ्हाडाला समुद्र नाहीं. अमरावती-अकोल्याच्या पुष्कळ माणसांनीं पाहिलेली नाव म्हणजे पूर्णेच्या किंवा वर्धेच्या पात्रांतील एखादा डोंगा. तथापि जहाज पाण्यावर टिकविण्यास ज्या वस्तु शतकानुशतकें लागत आल्या, त्यांपैकीं कापूस आणि जवस या दोन वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरच्याच आहेत. म्हणून जहाजाचा फुटका तळ दुरुस्त करून पुन्हां अभेद्य कसा करितात, याचा इतिहास या प्रांतास अगदींच परका नाहीं.

लांकडी जहाजाचे शत्रु तीन : फळ्यांच्या सांध्यांतून शिरणारें पाणी, लांकूड पोखरणारा समुद्री किडा, आणि तळास चिकटून वेग मंदावणारें शेवाळ व शिंपले. कोंकणांतील कोळी व भंडारी यांनीं या तिघांशीं आपल्या परीनें झुंज दिली. पावसाळ्यापूर्वीं होडी किनाऱ्यावर ओढून शाकारावयाची, तळ खरवडून वाळवावयाचा, सांध्यांत कापूस ठोकावयाचा, मासळीचें तेल चोळावयाचें, आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हां समुद्रांत लोटावयाची, असा क्रम होता. मोठ्या जहाजांच्या तळास चुना व तेल यांचा जाड लेप देत. गलबत होडीप्रमाणें सहज ओढतां येत नाहीं, त्यास गोदी लागते. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडींत खडक फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी आजहि पाहावयास मिळते. भरतीस जहाज आंत घ्यावें व पाणी ओसरलें कीं तळाचें काम करावें, ही तिची साधी युक्ति.

इ. स. १७३६ मध्यें लवजी नसरवानजी वाडिया हा कसबी सुतार सुरतेहून मुंबईस आला, आणि १७५० मध्यें मुंबईची पहिली सुकी गोदी तयार झाली. वाडिया घराण्याच्या हाताखालीं मलबारी सागवानाचीं जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. सागवानांत स्वाभाविक तेल असल्यामुळें त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा ओकाच्या लांकडांतल्याप्रमाणें लवकर गंजत नसे. फळीच्या कडांस खाच पाडून त्या एकमेकींत बसवीत, आणि मधें राळेंत भिजविलेला कापूस घालीत. १८१७ च्या ऑक्टोबरांत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका मुंबईच्या पाण्यांत उतरली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें उभी आहे. १९९० नंतर सुमारें दहा वर्षें तिची दुरुस्ती चालली, तरी तिच्या सांगाड्याचें बरेंचसें सागवान मूळचेंच राहिलें.

किडा व शेवाळ यांवर अठराव्या शतकांत तांब्याचा पत्रा हा उपाय निघाला. इंग्लंडच्या आरमारानें १७६१ मध्यें एका नौकेवर त्याचा प्रयोग केला. तळ स्वच्छ राहिला, परंतु पत्र्याखालचे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत तांब्याशीं संबंध आल्यानें झपाट्यानें झिजले. पुढें तांब्याच्या मिश्र धातूचे खिळे वापरल्यावरच हा उपाय निर्दोष झाला. वरचें आवरण निवडण्यापूर्वीं आंतील वस्तूचा स्वभाव जाणावा, हा धडा त्या खिळ्यांनीं शिकविला.

पाण्यावरच्या भागास रंग लागे, आणि तेथें जवसाचा उपयोग होई. जवसाच्या तेलांत खडूची पूड मळली म्हणजे लुकण होतें. त्याच तेलांत रंगाची भुकटी खलली म्हणजे रंग होतो. हें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें घट्ट होतें.

विसाव्या शतकांत कांचेच्या तंतूंचें कापड राळेंत भिजवून नौका घडविण्याची विद्या आली. अमेरिकेंत १९४२ च्या सुमारास अशी पहिली लहान होडी झाली. हिलाच आपण फायबरची होडी म्हणतों. या होडीच्या पॉलिएस्टर राळेचा स्वभाव जवसाच्या नेमका उलट आहे. प्राणवायु लागला तर तिचा पृष्ठभाग चिकटच राहतो. म्हणून अखेरच्या थरांत मेण मिसळून किंवा वर पातळ पडदा घालून हवा अडवावी लागते. जवसाच्या रंगाची संवय असलेला कारागीर येथें सहज फसतो.

दुरुस्तीची रीतहि निराळी आहे. तडा गेला असेल तर त्याच्या भोंवतालचा भाग उतरता घासतात; जाडीच्या सुमारें बारापट रुंदीचा उतार ठेवला म्हणजे नवें कापड जुन्यास घट्ट धरतें. नंतर थरावर थर, त्यावर हलकें लुकण, मग बारीक कागदानें घासणें, अस्तर, आणि शेवटीं रंग. परंतु तळावर पाण्याचे फोड आले असतील तर घाई घातक ठरते. ते फोडून, गोड्या पाण्यानें धुऊन, आठवडेच्या आठवडे वाळवावे लागतात. आंत ओल ठेवून वर चकचकीत रंग दिला, तर तोच रंग ती ओल कोंडून धरतो. जुन्या लांकडी होडीवर फायबरचा थर चढविणाऱ्यांनाहि हा अनुभव येतो. ओलें लांकूड आवरणाखालीं गुपचूप कुजतें, आणि कर्ज काढून केलेली दुरुस्ती भर समुद्रांत दगा देते.

ही नवी विद्या काय करूं शकते, हें गोव्यानें दाखविलें. मांडवीच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत लांकडी पट्ट्यांवर कांचेचें कापड व इपॉक्सी राळ चढवून ५६ फुटी ‘म्हादई’ नौका बांधण्यांत आली. २००९ मध्यें ती आरमाराच्या स्वाधीन झाली. त्याच वर्षीं १९ ऑगस्ट रोजीं दिलीप दोंदे तीवर एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजीं पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. पुढें अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेनें, कोठेंहि न थांबतां, १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळांत तीच प्रदक्षिणा पुरी केली.

चुन्याचा लेप, तांब्याचा पत्रा, जवसाचा रंग आणि कांचेचें कापड यांत काळाचें अंतर मोठें आहे. तरी विजयदुर्गाच्या गोदींतील सुतार आणि दिवाडीचा कारागीर यांस एकच कसोटी लागू होती : तळ आंतून कोरडा व घट्ट झाल्यावांचून वर हात फिरवूं नये. रंगाची परीक्षा किनाऱ्यावर डोळा करितो. दुरुस्तीची परीक्षा मात्र समुद्र करितो, आणि त्या परीक्षेंत माणसांचे प्राण पणास लागलेले असतात.